गेटाबाहेरचा हंगाम

पुन्हा सुरू झालं बाप्पा. सकाळी अंगण झाडायला खराटा हातात घेतला तर तुळशीच्या ओट्यावर, दाराच्या कडीवर, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर, जिकडे पाहावं तिकडे कापसाचा तूस. चिमटीत धरायला गेलं तर सापडत नाही आणि श्वास घेतला की नाकात बसतो. आमच्या दिग्रसला दिवाळी जवळ आली हे कॅलेंडरात पाहावं लागत नाही. जिनिंगच्या कारखान्याकडून वारा सुटला की कळतं. दारव्ह्याच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग लागते, ट्रॅक्टरवाले कापसावरच पाय ताणून मोबाइल पाहत पडलेले असतात, टपरीवाल्याला पाणी प्यायची फुरसत नसते. आणि त्या सगळ्यावरून सरकीचा तो तेलकट, किंचित गोड वास. एके काळी हा वास आला की मला माहेरचं माणूस दारात आल्यासारखं वाटायचं. आता नुसता खराटा जोरात चालतो. शेजारची पंचफुलाबाई भिंतीवरून डोकं काढून म्हणते, "सुमनबाई, अंगणानं काय बिघडवलं वं तुमचं?"

अंगणानं काही नाही बिघडवलं. ज्यानं बिघडवलं तो खराट्याच्या टप्प्यात येत नाही.

आमचे हे जिनिंगमधले मिस्त्री. 'होते' म्हणावं की 'आहेत' म्हणावं, ह्यातच माझं सगळं गेलं वर्ष गेलं. गावात ह्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. किराणावाला मिस्त्री म्हणतो, देवळातले महाराज मिस्त्री म्हणतात, लग्न होऊन आले तेव्हापासून चारचौघांत मीही मिस्त्रीच म्हणत आले. नाव घेतलं असेल ते उखाण्यापुरतं. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या मशिनीला आमच्याकडे रेचा म्हणतात. टिनाच्या लांबलचक हॉलमध्ये अशा रेच्यांच्या दोन रांगा, आणि त्या सगळ्यांची दुखणी-खुपणी ह्यांच्याकडे. घरात पोरीला ताप आला तर हे म्हणायचे, "डॉक्टरकडे ने." रेचा तापला तर हे स्वतः जेवण टाकून पळायचे. पुष्कळ भांडले मी त्यावरून. पण भांडताना आतून बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. आपला माणूस कुठेतरी इतका लागतो, ह्याचा बायकांना एक चोरटा अभिमान असतो.

लोकांना वाटतं जिनिंगचं काम हिवाळ्यात. कापूस हिवाळ्यात येतो हे खरं, पण मिस्त्रीचं खरं काम पावसाळ्यात. बाहेर धो धो कोसळत असतं, टिनावर असा आवाज की समोरच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. हॉल रिकामा. कोपऱ्यात बेडकं. आणि हे एकेक रेचा खोलून बसलेले. चामड्याचे रोलर उतरवायचे, झिजलेले बदलायचे, पाती तपासायची, पट्टे पाहायचे, ग्रीस भरायचं, पुन्हा सगळं जोडून हातानं फिरवून पाहायचं. मी कधी कधी दुपारचा डबा घेऊन जायची. हे पोत्यावर उताणे पडलेले, मशिनीखालून नुसते पाय दिसायचे. "मिस्त्री, जेवता का?" म्हटलं की आतून आवाज यायचा, "हा जरासा राह्यला." तो 'जरासा' कधी कधी डबा थंड होऊन विटेपर्यंत पुरायचा. संध्याकाळी घरी आले की आधी रॉकेल, मग बेसन, मग साबण. तरी नखांतलं काळं तसंच. माझी पोर लहानपणी म्हणायची, बाबाच्या हाताला चकलीचा आणि गाडीचा वास येतो.

त्या शेवटच्या पावसाळ्यात तर ह्यांनी हद्दच केली. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. हा एक हंगाम काढायचा आणि उन्हाळ्यात मोकळं व्हायचं असं ठरलेलं. म्हणून जे रोलर आणखी एक हंगाम चालले असते तेही बदलून घेतले. मी म्हटलं, "एवढं कायले करता? कोणी पाहून राह्यलं काय?"

तर म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात मी नसन. जो कोणी येईन, त्यानं मले शिव्या देऊ नये."

शेवटचा रेचा जोडून झाला. दसरा चार-सहा दिवसांवर आलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि मी भिजवलेली डाळ वाटायला बसले, तर हे परत. डबा तसाच. मला वाटलं काही विसरले. मोरीवर जाऊन त्यांनी पाय धुतले, खाटेवर बसले, आणि म्हणाले, "शेषराव म्हणे, आत सोडू नका म्हून सांगतलं."

शेषराव म्हणजे गेटवरचा वॉचमन. आमच्याच आळीतला. त्याच्या पोराच्या बारशाला मी पाळणा सजवला होता. तो बिचारा म्हणाला, "मिस्त्री, मले काही विचारू नका. शेठनं हंगाम ठेक्यानं देल्ला. ठेकेदाराची मानसं येनार हाय."

शेठ कुठे होता? ऑफिसात. ऑफिसची खिडकी गेटाच्या समोर. हे गेटाशी उभे होते तेव्हा पंखा फिरताना दिसत होता म्हणे. एवढं अंतर! चार पावलं उतरून यायला काय पायात काटा रुतला होता? जन्मभर मशिनी ज्यानं चालवल्या त्याला एक वाक्य तोंडावर सांगायला माणूस सापडला नाही, वॉचमनच्या तोंडून सांगितलं. म्हातारा बैल बाजारात नेतात, मला माहीत आहे. मी शेतकऱ्याचीच पोर, राळेगावकडची. माझ्या बापानंही नेलेत. पण दावं आपल्या हातात धरून नेलं, आणि निघताना त्याच्या पाठीवर हात फिरवला. गड्याला पाठवून 'जा, सोडून ये' असं नाही म्हटलं.

ते राहो. त्याहून वाईट पुढेच होतं.

लोक भेटायला येऊ लागले. मयत झाल्यावर येतात तसे. चप्पल दाराबाहेर, आवाज हळू, आल्या आल्या एक सुस्कारा. मी चहा टाकायची आणि त्या चहाच्या घोटाघोटात एकच प्रश्न फिरत राहायचा, "पन काढलं काहून म्हंतो मी?" शेठनं ठेका दिला हे सगळ्या दिग्रसला माहीत. तरी प्रश्न तोच. कारण आपल्याकडे असं आहे, की ज्याला काढलं त्यानंच काही केलं असणार. ज्यानं काढलं त्याला कोणी विचारत नाही.

पंचफुलाबाईनं तर बशीतला चहा फुंकत सरळच विचारलं, "काही उन्नीस-बीस तं नाही ना झालं? जिनिंगमंधी पितळी सामान लय असते म्हंते."

मी म्हटलं, "बाई, पितळी सामान म्हंजे?"

"मी कायले म्हनू वं? लोकं म्हंतेत."

लोकं! हे लोकं कुठे राहतात, मला एकदा त्यांचा पत्ता पाहिजे. माझ्या घरचा तांब्या-गडवा सगळा तिच्यासमोर मांडावासा वाटला, की पाहून घे, ह्यातलं कोणतं पितळ रेच्याचं आहे. ह्यांनी मला हातानं खूण केली, जाऊ दे. आणि माझ्याकडे न पाहता ते हळूच उठून मागच्या दारानं बाहेर गेले. तेव्हा मला कळलं, ह्यांना नोकरी गेल्याचं लागलं नव्हतं. ते लागेल, न लागेल, उन्हाळ्यात जायचीच होती. पण आता गावात 'मिस्त्री' म्हटलं की पुढे 'तोच ना, काढलेला?' असं येणार, आणि त्याच्यापुढे डोळा मिचकावणं. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचा जीव अडकला होता. नावावर. खाऊन-पिऊन सुखी घर आमचं, पण घरात नाव सोडून दुसरी मिळकत कोणती?

धाकटे दीर यवतमाळहून एसटीनं आले. त्यांनी उपाय काढला. "वहिनी, सांगून टाका ना, तब्बेतीच्या कारनानं स्वतःच सोडलं म्हून. कोन पाह्यले जाते?"

"काहून सांगू? ह्याइच्या तब्बेतीले काय झालं?"

"अवं, इज्जतीसाठी."

"भाऊजी, इज्जत त्याची गेली पायजे, आमची काहून जाईन?"

नागपूरहून पोरीचा फोन. "आई, बाबांना म्हणा, आता आराम करा." आराम! ज्याला झोपेतही रेच्याचा आवाज लागतो त्याला म्हणे आराम. बदली कपड्यासारखा आराम काय खुंटीवर टांगलेला असतो, उतरवला आणि घातला?

खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. ह्या दिवशी जिनिंगमध्ये घरच्या बायका-पोरांना आत जायला मिळायचं. रेच्यांना झेंडूचे हार, धुतलेल्या फरशीवर रांगोळी, तेलाच्या वासात उदबत्तीचा वास मिसळलेला. पहिल्या रेच्याला हळद-कुंकू माझ्या हातचं, तो मान मिस्त्रीच्या बायकोचा. मी नवीन लुगडं नेसून मशिनीला कुंकू लावायची आणि मनात म्हणायची, बाई, वर्षभर ह्यांची बोटं सांभाळ. त्या वर्षी घरीच पाट मांडला. ह्यांचे पाने, हातोडी, पेंचिस पुसून ठेवले. हे म्हणाले, "नको मांडू." मी मांडले. फूल वाहिलं नाही, आपटलंच.

मग मुहूर्ताचा दिवस. वजनकाट्याची पूजा होते, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला शाल-नारळ देतात आणि भोंगा वाजला की रेचे सुरू. आमच्या घरून भोंगा तर ऐकू येतोच, पण रेच्यांची घरघरही येते. मी सकाळपासून देवाला एकच मागत होते. काय मागत होते ते सांगते, मला लाज नाही. बंद पडू दे. एक तरी बंद पडू दे. रांगेत गाड्या उभ्या, शेठच्या अंगावर नवा कुर्ता, फोटो काढायला माणसं, आणि रेचा ढिम्म. मग येईल पळत, म्हणेल मिस्त्री चला. सिनेमात होतं तसं. पंचफुलाबाईही भिंतीशी उभी होती, तिलाही तेच पाहायचं होतं.

भोंगा वाजला. एक रेचा लागला. दुसरा लागला. मग सगळे एकामागं एक, जशी भजनात टाळकरी साथ धरतात तसे. कुठे खट् नाही, कुठे अडखळ नाही. का अडखळतील? पावसाळाभर उताणं पडून ह्यांनीच तर त्यांना असं करून ठेवलं होतं, की त्यांना आता मिस्त्रीच लागू नये.

मी वळून पाहिलं तर हे खाटेवर ताठ बसलेले, मान एका बाजूला कलती, कान तिकडे. आणि चेहरा उजळलेला. "चाल्ले," म्हणाले. "सारेच चाल्ले."

माझं डोकंच फिरलं. "खुश काय होता? तुमच्या छातीवर नाचून राह्यले ते!"

"तुले नाही समजत सुमन," हे म्हणाले. "एक जरी बंद पडला असता, तं लोकं म्हनले असते, मिस्त्रीनं जाता जाता काही करून ठेवलं."

मी खराटा घेतला आणि झाडलेलंच अंगण पुन्हा झाडलं.

म्हणजे पाहा. तो सबंध हंगाम आमच्या घरात दोन नवस चालले होते. माझा, की एक तरी रेचा मोडावा. ह्यांचा, की एकही मोडू नये. सकाळी उठले की आधी कान तिकडे. दुपारी जेवताना घास हातात थांबायचा, कुठे आवाज बदलला का म्हणून. सांजच्याला हॉल बंद झाला की ह्यांचे खांदे सैल पडायचे. ज्यांनी ह्यांना गेटाबाहेर ठेवलं त्यांच्या मशिनींची राखण हा माणूस घराच्या खाटेवरून करत होता, बिनपगारी, नुसत्या कानानं. आणि शेठ? शेठ म्हणे लोकांना सांगत होता, ठेक्यानं दिलं ते बरं केलं, ह्या वर्षी काहीच कटकट नाही! हे ऐकलं तेव्हा मी तव्यावरची भाकर तशीच जळू दिली.

बाजाराला जायचं तर जिनिंगच्या रस्त्यानं पाच मिनिटांची वाट. हे फिरून, पुलापलीकडून जायचे. लग्नाला गेलो तर माणसांच्या घोळक्यात न बसता मांडवाच्या खांबाशी. कोणी विचारलं, "काय मिस्त्री, सध्या?" तर हसायचे नुसते. पंचफुलाबाईच्या सुनेची शिलाई मशीन दुरुस्त करून दिली, त्या दिवशी तेवढं दोन घास जास्त जेवले. पंचफुलाबाईनं मशीन फिरवून पाहिली आणि मला म्हणाली, "हात तं सोन्याचा हाय बाप्पा मिस्त्रीचा." मी म्हटलं, "हो, पितळेचा नाही." तिला समजलं. घरी गेली.

होळीच्या पुढे कापूस संपला. ठेकेदाराची माणसं सामान बांधून निघून गेली. रेचे थांबले, आणि त्या दिवशी हे दुपारी जे झोपले ते दिवेलागणीला उठले. हंगाम निभला होता. कोणाला बोट दाखवायला जागा उरली नव्हती. पण कोणी तोंडानं चांगलंही म्हटलं नव्हतं. डाग वाढला नाही आणि धुतलाही गेला नाही, असं ते अर्धवटच राहिलं.

मग ह्या पावसाळ्यात एक दिवस शेषराव दारात. भिजलेला, छत्रीतून पाणी गळतंय. "मिस्त्री, शेठनं बलावलं. मशिनी खोलाच्या हाय. रोजीनं या म्हंते."

ठेकेदाराची माणसं कापसाबरोबर येतात, कापसाबरोबर जातात. पावसाळ्यात चिखलात पडून ग्रीस भरायला कोण बसलंय? मी आतूनच ओरडले, "सांग त्याले, मिस्त्री मेला म्हना!" शेषराव बावरला. हे मात्र शांत उठले. इस्तरीचा पांढरा सदरा काढला, लग्नाकार्यात घालतात तो. माझ्या जिवाला धाक पडला. कामाला जायचं तर हा सदरा कशाला? काही न विचारता मी पिशवी घेतली आणि भाजीचं निमित्त करून मागून निघाले.

हे जिनिंगच्याच रस्त्यानं गेले. काढल्यापासून पहिल्यांदा. गेट उघडं होतं, पण हे आत गेले नाहीत. बाहेर पावसात उभे. आत हमाल टिनं उचलत होते, बाया पोती निवडत होत्या. सगळ्यांची कामं थांबली. शेठ ऑफिसातून छत्री घेऊन आला, हो, आता बरोबर आला चार पावलं उतरून! "अरे मिस्त्री, आत या ना. भिजता कशाला?"

"येतो शेठजी. आधी एक सांगा. माह्यी चूक काय होती?"

शेठ हसला. "कसली चूक? तुमची काही चूक नव्हती. धंदा आहे, करावं लागतं."

"जरा मोठ्यानं सांगा शेठजी, पावसाचा आवाज हाय."

शेठनं इकडे तिकडे पाहिलं. हमाल पाहत होते, बाया पाहत होत्या, शेषराव जमिनीकडे पाहत होता. "चूक नव्हती म्हटलं ना!" तो जवळजवळ ओरडलाच.

"बस," हे म्हणाले. "राम राम शेठजी." आणि वळले.

मागून शेठ हाका मारत राहिला. हे टपरीवर आले, कोपऱ्यात उभं राहून एक कट चहा मागवला आणि असा फुरका मारला की मला लग्नानंतरचे दिवस आठवले. सदरा अंगाला चिकटलेला, पण माणूस कसा मोकळा! मला पाहून म्हणाले, "भाजी घेतली काय?" मी म्हटलं, "नाही." "घेऊन घे. भरीताचे वांगे चांगले दिसते."

ह्यांचं तिथं मिटलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल घटकाभर. पण त्या चहाच्या वाफेत माझ्या डोक्यात ते वाक्य उलटं फिरायला लागलं. चूक नव्हती. तोंडानं कबूल. सगळ्यांसमोर कबूल. अरे, मग? चूक नव्हती आणि तरी वॉचमनच्या तोंडून काढलं? चूक असती तर एक वेळ समजून घेतलं असतं, बाई माणसानं दुसरं काय करायचं. चूक नसताना माणसाचं शेवटचं वर्ष कोणी उचलून फेकावं, आणि 'धंदा आहे' म्हणून हात झटकावे? मी पिशवी ह्यांच्या हातात दिली आणि गेटावर परत गेले. शेठ अजून तिथंच होता.

"शेठजी, राम राम. चूक नोती, तं काढलं काहून?"

तो मोबाइल पाहायला लागला. "वहिनी, घरी जा, पाऊस आहे."

मी पावसाचं नाही विचारलं. पण ठीक आहे. दिग्रस काही मुंबई नाही. माणूस माणसाला रोज दिसतो. बँकेत दिसला, तिथं विचारलं. एका लग्नात दिसला, नवरा-नवरीवर अक्षता पडल्यावर विचारलं, आधी नाही, तेवढी रीत मला आहे. डॉक्टरच्या दवाखान्यात दिसला, त्यानं नंबर सोडला आणि निघून गेला. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही. राम राम म्हणते आणि विचारते. हे म्हणतात, "सोड ना वं आता, झालं ते झालं." मी म्हणते, "तुमचं झालं. माह्यं नाही झालं." पंचफुलाबाई आता माझ्यासोबत येते, तिला मजा वाटते. ती नुसती मागं उभी राहते, पण उभी राहते.

परवा देवीच्या भंडाऱ्यात आम्ही दोघी पंगतीच्या शेवटाला बसलो होतो. समोरून शेठ ताट घेऊन आला, त्यावर बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, सगळं वाढलेलं. मला पाहिलं आणि जागच्या जागी थबकला. बसावं की परत फिरावं त्याला समजेना. भाजीचा रस्सा ताटातून नव्या कुर्त्यावर उतरायला लागला. माझ्या बाजूची जागा रिकामी होती. मी हातानं पुसून दिली.

"बसा शेठजी," म्हटलं. "आधी पोटभर जेवून घ्या. मले घाई नाही."